कोपर

पूर्णा जंक्शनच्या रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये
कॅरम बोर्डाच्या वर एक चौकट आहे, मागं पालीची अंडी.
अकरा जण, काही बसलेले, काही उभे,
सगळ्यांच्या हाताच्या घड्या.
उजवीकडं जिथं फोटो संपतो
तिथं एक कोपर.
बाकी माणूस नाही.

"ये मेरा है," दस्तगीरचाचा म्हणायचे.
लोको शेडचे फायरमन, भुवया कधीच जळून गेलेल्या.
"हैदराबादचा कॅम्प, छप्पन साल.
फोटोवाला म्हणला, जरा सरको मियाँ.
सरकलो.
तेवढाच उलटा सरकलो असतो
तर आज चहा मी पाजला असता."

चहा आम्हीच पाजायचो
आणि बशीत ओतेपर्यंत टीम ऐकायचो.
नावं नाही, पाय सांगायचे ते.
हा डावखुरा, कॉर्नर असा वळवायचा
जशी मुदखेडला गाडी वळते.
हा गोलकीपर, पोलिसातला, दोन हात मिळून नऊ बोटं.
हा बसलेला, ह्याला घाम यायचाच नाही,
डॉक्टरला दाखवलं होतं.

अठ्ठेचाळीसला लंडनमध्ये आपली बहुतेक पोरं अनवाणी.
बावन्नला हेलसिंकीत, थंडीत, दहा गोल खाल्ले.
मग हुकूम आला: बूट पायजेत.
"बूट घातला की चेंडू बहिरा होतो, बाबा.
कितीबी सांगा, ऐकत नाही."

त्याच छप्पनच्या नोव्हेंबरात, एक तारखेला,
आम्ही जागचे न हलता
हैदराबादेतून मुंबईत गेलो.
शाळेची पाटी रंगवली, मास्तर तेच, छडी तीच.
बरोबर महिन्यानं
मेलबर्नला ऑस्ट्रेलियाला चार-दोन हरवलं.
टीममध्ये हैदराबादची पोरं. परवापर्यंत आमच्या राज्याची.
आता टाळ्या कोणत्या राज्यातून वाजवायच्या,
इन्स्टिट्यूटमध्ये त्यावर भांडण झालं म्हणे,
कॅरमची एक राणी तेव्हापासून गायब आहे.

शेवटी चौथा नंबर.
चौथ्याला काय मिळतं, चाचा?
"परतीचं तिकीट."

बासष्टला जकार्तात सोनं मिळालं
तेव्हा ते हिंगोलीच्या गाडीवर होते.
बातमी कळली तशी शिट्टी ओढली, ती सोडलीच नाही.
त्याचा मेमो मिळाला.
पाकिटात ठेवायचे, घडीवर घडी.

नांदेडच्या दवाखान्यात, नाकात नळी,
मला म्हणाले, खाली वाक.

"कोपर माझं नाही.
सटवाचं. सटवा खिल्लारे, गँगमनचा पोरगा.
मी त्याची ट्रंक उचलायला गेलतो, बस.
बूट दिले त्याला सातचे, पाय नऊचा.
तिसऱ्या दिवशी टाचेत पू.
पाचव्या दिवशी म्हणले, अगले साल.
पुढच्या साली तो नव्हताच. पटकी.
चेंडू बहिरा होतो, हे त्याचं म्हणणं.
मला कुठं कळतंय चेंडूतलं."

मग इतकी वर्षं?

"दुसऱ्याचं आहे म्हटलं
की लोक चहा संपायच्या आत उठतात, बेटा."

आता छोटी लाईन नाही. शेड आहे, त्यात कबुतरं.
परवा इन्स्टिट्यूटमध्ये गेलो, खुर्चीवर चढलो,
रुमालानं काच पुसली.
कोपर नीट पाहिलं पहिल्यांदाच.

एवढं बाहेर, एवढं टोकदार
ते लोंबत्या हाताचं नसतं.
सरक म्हटल्यावर तो सरकला खरा,
पण हाताची घडी
त्यानं सोडली नव्हती.